मागचं दार दाव आदी

"पुढचं दार समदीच सारवत्यात. मागचं दार दाव आदी."

पुण्याजवळ भुकूमला मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकाची म्हातारी आई हे मला म्हणाली. मी आपली ओळख करून देत होते. शिक्षण काय, राहणार कुठली, पाणवाटा आणि डोंगर वाचवायच्या चळवळीत काम करते, वगैरे. तिने हात वर करून मला मध्येच थांबवलं, हे वाक्य टाकलं आणि मला काही कळायच्या आत वाकून दारात काढलेल्या माझ्या चपला उलट्या केल्या. तळ झिजलेले होते. एका टाचेला भोक पडायला आलं होतं. तिने त्यावर अंगठा दाबून पाहिला.

"चालतीस व्हय. मंग ऱ्हा."

झाली मुलाखत.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्यावर आपण सारखे चिडतो आणि चिडता चिडता त्यांच्याच चुलीपाशी जाऊन बसतो. मी तिला काकी म्हणायचे. हे मी आजही चिडूनच लिहिते आहे. वाचताना कुठे गोडवा लागला तर तो तिचा समजा.

काकीचं घर म्हणजे लेकाने बांधलेली तीन मजली इमारत. पुढे ग्रॅनाइट, स्टीलचं दार, दारावर पितळी गणपती. वरच्या मजल्यांवर हिंजवडीला कामाला जाणारी मुलं भाड्याने राहायची. काकी मात्र इमारतीच्या मागे पत्र्याच्या पडवीत राहायची. तिथे तिची चूल, कोंबड्या, कडीपत्त्याचं झाड आणि दगडी पाटा. पुढच्या दारातून आत जाताना मी तिला कधीच पाहिलं नाही. लेक वैतागायचा. "आई, लोकं म्हंत्यात, पोरानं आईला मागं टाकलीय!" यावर ती म्हणायची, "टाकलीस व्हय? मंग लोकं खरंच बोलत्यात की." आणि खी खी करून हसायची. लेक लाल व्हायचा.

तिचं हे मागच्या दाराचं वेड उगीच नव्हतं. मुळशीच्या अर्ध्या खोऱ्यात मुलगी द्यायची असली, की मुलाचं घर बघायला काकीला नेत. बाकीची पाहुणे मंडळी पुढे बैठकीत, सोफ्यावर. काकी थेट मागे. मोरी बघायची, गोठा बघायची, उष्टं कुठे टाकतात ते बघायची. एका घरी पुढे संगमरवर होता आणि मागे घरातली म्हातारी पोत्यावर बसून वेगळं जेवत होती. काकी तिथूनच परतली. "आईला पोत्यावं बसवत्यात. सुनंला काय पालखीत बसवनार हायेत?"

ती नेहमी बरोबरच असायची असं नाही, हेही सांगून ठेवते. घोटावड्याच्या एका घराला तिने नुसता गोठा बघून होकार दिला होता. नवरा पक्का दारुडा निघाला, मुलगी वर्षाच्या आत परत आली. मी हे काढलं, की काकी पाट्यावरची मिरची जोरात रगडायला लागायची.

"गोठा चांगला व्हता."

"काकी, गोठ्याशी लग्न लावलं नव्हतं!"

"पर चांगलाच व्हता."

आणि तिचा एक नियम होता. मला आयुष्यात सर्वांत जास्त मनस्ताप कुणी दिला असेल, तर या नियमाने. ज्याला नाही म्हणायचं आहे, किंवा ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याचं मीठ खायचं नाही. घर बघायला गेल्यावर ती फक्त चहा घ्यायची. "चहाला मीठ नसतंय." पोहे पुढे आले तर ताटली हाताने बाजूला सारायची. घर पसंत पडलं, की मागच्या दारातूनच ओरडायची, "वाढा!" तो शब्द ऐकला, की बैठकीतली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायची. त्या खोऱ्यात काकीच्या जेवणाला सहीपेक्षा वजन होतं. हे फक्त त्या खोऱ्यात, हे लक्षात ठेवा.

आता पट्टीचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडकतं. मुळशी धरणाच्या काठाला काकीच्या माहेरची एक चिंचोळी पट्टी होती. बापाला मुलगा नव्हता म्हणून सातबाऱ्यावर हिचं नाव. पट्टी उताराची, दगडांची, भाताच्याही कामाची नाही. पण वरच्या वाडीच्या शेळ्यामेंढ्या उन्हाळ्यात पाण्यावर उतरतात त्या याच पट्टीतून. बाकी सगळ्या काठाला तारा ठोकलेल्या. तिथे एका कंपनीला रिसॉर्ट करायचं होतं. आजूबाजूचं बरंचसं कंपनीने घेऊन टाकलं होतं. पट्टी मिळाली तर रिसॉर्टला पाणी दिसणार आणि वाडीच्या शेळ्यांना ते दिसायचं बंद होणार. एवढं सरळ गणित. आणि पट्टी कंपनीला मिळवून द्यायचं काम कोणाकडे? काकीच्याच लेकाकडे. तो जमिनींची दलाली करायचा.

आम्ही या वाटेसाठी पत्रकं काढत होतो. मजकूर माझा. 'पाण्याची वाट अडवणारे कोण?' असा जाड ठशातला मथळा. एक गठ्ठा काकीला दिला होता. आठवड्याने पाहिलं, तर पडवीत पत्रकं ओळीने पसरलेली आणि त्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या.

"कागूद चांगला हाय तुजा. शाई लागत न्हाई मिरचीला."

"वाचलं का पण?"

"मला काय वाचायचंय? वाट कुटनं जाती ते मला ठावं हाय."

मग एका संध्याकाळी लेक पेढे घेऊन आला. कंपनी काठावरच्या जमीनवाल्यांना सिंगापूरला नेणार होती. सगळ्यात भारी हॉटेलात उतरवणार. कोणतं ते तुम्हीच निवडा, खर्च कंपनीचा. एकदा डोळ्यांनी बघा लक्झरी काय असते, मग जमिनीचं बोलू.

काकीने पेढा घेतला नाही. लेक म्हणाला, "आई, पेढ्याला मीठ नसतंय." ती म्हणाली, "खव्यात काय घातलंय ते तू बघितलंस व्हय?"

मी तर पेटलेच. लेक गेल्यावर तिच्यापुढे उभी राहून जवळजवळ भाषण ठोकलं. ही लाच आहे, ही जुनी खेळी आहे, परदेशात गादीवर झोपवायचं आणि इथे जमीन काढून घ्यायची. काकी, तुम्ही जायचं नाही.

"बघाय काय जातंय?"

"पण तुम्हाला पट्टी द्यायचीच नाही ना?"

"न्हाई म्हणायला बी बघाय लागतंय. न बघता न्हाई म्हणलं तर त्यो नुसता हेका. तुमच्या पत्रकावाणी."

शेवटचे दोन शब्द तिला टाळता आले असते.

"आन हाटेल तू बघ," ती म्हणाली. "त्यानं बघितलं तर समदं पुढच्या दाराचंच बघंल."

माझी काय अवस्था झाली असेल ते बघा. ऐषारामी पर्यटनाविरुद्ध पत्रकं लिहिणारी मी, लॅपटॉप मांडीवर घेऊन, कोंबड्यांच्या घाणीत बसून, सिंगापूरमधलं आलिशान हॉटेल निवडत होते. आमच्या गटातल्या कुणी पाहिलं असतं तर मला बाहेरच काढलं असतं.

पहिल्या हॉटेलच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव होता. खाली अख्खं शहर. काकी चष्मा सावरून बघत राहिली.

"पानी वर कशापायी चढावलंय? खाली समिंदर हाय म्हंतीस न्हवं?"

"पोहता पोहता शहर दिसावं म्हणून."

"पवताना तोंडात पानी जातंय. बघायचं कवा?"

दुसऱ्या हॉटेलच्या भिंतींमधून झाडं उगवली होती. मजल्यामजल्यावर बागा, वेली खाली सोडलेल्या. मलासुद्धा ते आवडलं, आणि आवडलं याचा रागही आला. काकी म्हणाली, "भित्ताडात झाडं उगावली की आमी त्याला पडकं घर म्हनतो."

तिसरं नदीच्या मुखाशी, जुनं, पांढरं, मोठमोठ्या खांबांचं. पूर्वी तिथे साहेबाची कचेरी होती असं लिहिलं होतं. काकीने एवढंच विचारलं, "साहेब गेला तवा झाडलोटीवाल्यांचं काय झालं?" ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग खोल्यांचे प्रकार आले. सिटी व्ह्यू, गार्डन व्ह्यू, हार्बर व्ह्यू. मी समजावून सांगत होते, की व्ह्यू म्हणजे खिडकीतून काय दिसतं ते, आणि त्याचा दर वेगळा.

"दिसन्याचं वायलं लागतंय?"

"हो."

"मंग आमच्या शेळ्यावाल्या बाया आजवर फुकाटच बघत आल्या म्हनायच्या."

हे वाक्य मी लगेच पुढच्या पत्रकात घालणार होते. तिने बजावलं, "माजं नाव घालू नगंस." नाव घातलं नाही. आजही घालत नाही.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी वाचून दाखवायला लागले. अप्रतिम, अविस्मरणीय, स्वर्ग. तिने तिथेच थांबवलं. "ही पावनी मान्सं. पावना गोडच बोलतुया. तक्रार सांग." मग मी प्रत्येक हॉटेलच्या फक्त तक्रारी शोधत बसले. उशी फार मऊ. अंडं उशिरा आलं. लिफ्टमध्ये दुसऱ्यांची मुलं रडत होती. काकी एकेक ऐकून मान हलवायची. "अंडं उशिरा आलं म्हनून रडतुया? ह्याच्या आयला कुनी कंदी विचारलं का, जेवलीस का म्हनून?"

तिला हवं होतं ते कुठेच नव्हतं. चादरी कोण धुतं, ती माणसं दुपारची बसतात कुठे, उरलेलं अन्न कुठे जातं. मी तिच्या आग्रहाखातर तिन्ही हॉटेलांना लिहून विचारलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाने आनंद व्यक्त केला आणि मसाजाचे दर पाठवले.

शेवटी त्या पांढऱ्या हॉटेलच्या एका पाहुण्याची तक्रार सापडली. त्याला वाईट खोली मिळाली होती. नदीऐवजी मागची गल्ली दिसणारी. रागाने त्याने खिडकीतून फोटो काढून टाकला होता. गल्लीत गणवेशातल्या काही बायका उलट्या क्रेटवर बसल्या होत्या. बूट काढून ठेवलेले, पाय लांब केलेले, हातात डबे.

काकीने लॅपटॉप ओढून घेतला. नाक पडद्याला लागेपर्यंत जवळ.

"हेच. हीच खोली सांग."

"काकी, ही सगळ्यात वाईट खोली आहे."

"मागचं दार हाय ह्ये. हीच."

लेकाने डोकं धरलं. "आई, कंपनी नदीवरची खोली देतीय! सगळी मला हसत्याल!" काकीने दशम्यांसाठी गूळ चिरायला घेतला. दशम्या, लसणीची चटणी, भाजलेले शेंगदाणे. सिंगापूरला जाऊन तिथलं मीठ न खाता परत यायची ही तयारी. मी तिच्या हातात हरकतीचा मसुदा ठेवला. पट्टी देणार नाही, शेळ्यांची वाट माझ्यामागेही मोकळी राहील, एवढंच लिहिलं होतं. म्हटलं, जायच्या आधी सही करा.

"आल्यावं बगू. ठेव तितं."

तिथे म्हणजे मिरच्यांच्या डब्याखाली.

पुढचं मला तिच्याकडून आणि लेकासोबत बरोबर गेलेल्या सुनेकडून कळलं. बाकीचे जमीनवाले मॉल बघायला गेले, बोटीत बसले, गच्चीवरून फोटो काढले. काकी खिडकीत बसून गल्ली बघत राहिली. दोनदा नोकरांच्या जिन्याने खालीही उतरली. पहाऱ्यावरच्या माणसाने अदबीने वर आणून सोडली. चहा आणि दशम्या, दशम्या आणि चहा. तिसऱ्या दिवशी दशम्यांना बुरशी आली. तरी ही ऐकेना. शेंगदाण्यांवर राहिली, आणि दुपारी मोरीतून बाहेर येताना चक्कर येऊन पडली.

सून लेकाला बोलवायला धावली. तेवढ्यात खोली झाडणारी बाई आत आली. ती कुठल्या देशाची, ते काकीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने काकीला उचलून बसवलं, पाठीला उशी लावली, आणि खाली जाऊन आपल्या डब्यातली भाताची पेज घेऊन आली. मुळशीत आजारी माणसाला देतात तशीच पेज. पातळ, गरम, वर आल्याचे दोन तुकडे. चमच्याने भरवली. काकी शुद्धीवर येत होती, भाताचा वास ओळखीचा होता. वाटी संपेपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही, की पेजेला मीठ होतं.

परत आल्यावर तिने मला हे सांगितलं, तेव्हा ती कडीपत्त्याखाली मान खाली घालून बसली होती. तिला तशी मी कधी पाहिली नव्हती.

"खाल्लं ग म्या. आता न्हाई कसं म्हनू?"

मला आधी हसू आलं. मग कळलं, ती चेष्टा करत नाहीये. पट्टी जाणार होती. वाडीच्या शेळ्यांचं पाणी जाणार होतं. का, तर एका परक्या बाईने चिमूटभर मीठ घातलं होतं.

मी कुठल्याही अधिकाऱ्यापुढे इतकी भांडले नसेन.

"काकी, ती पेज हॉटेलची नव्हतीच. त्या बाईच्या डब्यातली होती. तिच्या कष्टाची! मीठ तिचं."

"तिला तितं कुनी ठिवलीय?"

"मालकाने. पण..."

"आन मला तितं कुनी न्हेलं?"

"कंपनीने. पण काकी..."

"मंग पन कुटं लावतीस?"

"कायद्यात असं काहीही नसतं!"

"कायदा तुजा. प्वाट माजं."

मी तीन तऱ्हेने समजावलं. आजारपणातलं अन्न धरायचं नसतं. फसवून घातलेलं धरायचं नसतं. कामगाराचं अन्न मालकाचं नसतं, या शेवटच्यावर तर आमच्याकडे पुस्तिका आहे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "त्या बाईचा हात लई मऊ व्हता ग." याचं मी काय करायचं होतं? लेक मात्र खूश होता. तो रोज संध्याकाळी मागच्या पडवीत यायला लागला, आईच्या पायाशी बसायला लागला. काय घाईये, आई, तुझ्या सवडीनं सांग, म्हणायला लागला.

आणि मग एका सकाळी मला आंबेमोहराच्या पेजेच्या वासाने जाग आली. मोठं पातेलं चुलीवर. काकी नवं लुगडं नेसलेली.

"खाल्ल्यालं मीठ वकता येत न्हाई," ती म्हणाली. "फेडता येतंय. चल."

पौड रस्त्यावर कंपनीचं काचेचं ऑफिस होतं. आत रिसॉर्टचा छोटा देखावा मांडलेला. खोटं पाणी, खोटी झाडं. लेकाने गाडी पुढच्या दाराशी लावली. काकी उतरून मागे गेली. तिथे शिपाई, ड्रायव्हर आणि चहावाली बाई बसली होती. काकी त्यांच्यातच बसली, पातेलं मध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, "मालकाला बलाव."

मालक कुठला असायला इथे. मॅनेजर आला. लांबच्या शहरातला, हसरा, गुळगुळीत माणूस. "अरे काकीजी, अंदर आइए ना!" काकीने त्याच्या हातात वाटी दिली. तो आधी बिचकला, मग त्याने चाखली आणि डोळे मोठे केले. "वॉव! सो ऑथेंटिक!" दुसरी वाटी मागून घेतली. काकीने चमचा भरून त्याच्या तोंडापुढे धरला, तोही खाल्ला. कुणीतरी फोटो काढत होतं. शिपायाला, ड्रायव्हरला, चहावाल्या बाईला, सगळ्यांना तिने वाढलं. मग पदराला हात पुसले.

"मी तुमचं खाल्लं, तुमी माजं खाल्लंसा. फिटलं. पट्टी माजी, वाट शेळ्यांची."

मॅनेजर फोटो बघण्यात गुंग होता. "हां हां, बहुत बढ़िया," म्हणाला. लेकाला मात्र सगळं कळलं होतं. तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला.

वरच्या वाडीला ही बातमी आमच्या आधी पोचली. काकीने फेडलं. त्या खोऱ्यात याहून पक्का नकार असूच शकत नव्हता. एक धनगरीण मला रस्त्यात अडवून म्हणाली, "आता घोर न्हाई ताय. काकीनं पेज पाजली." आणि मी काकीच्या मागे लागले, आता तरी सही करा. दोन ओळी आहेत. बाहेरच्या माणसाला पेज समजत नाही, कागद समजतो.

"चारचौगात जेवू घातलं. आनखी काय लिवायचं?"

"काकी, त्याला वाटलं तुम्ही पाहुणचार केलात!"

"वाटंना का. म्या बोलले न्हवं?"

मी दर आठवड्याला तो मसुदा डब्याखालून काढायचे, तिच्यापुढे धरायचे. तिच्या हातांना कधी पीठ, कधी राख, कधी मिरची. "तिखट हाय हाताला, कागूद खराब हुईल." एकदा मी चिडून ओरडले, तुम्हाला काय अमरपट्टा मिळालाय का? ती म्हणाली, "तुला भूक लागलीय. बस खाली." आणि वाढलं. मी जेवले. काय करणार?

त्या थंडीत ती गेली. सकाळी पाठीवर ऊन घेत कडीपत्त्याजवळ बसली होती, ती उठलीच नाही. कोंबड्या तिच्या पायांवरून फिरत होत्या. तिला शेवटची बाहेर काढली ती पुढच्या दारातून. तिथे नकार द्यायला ती नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर लेक मला भेटला. वाईट माणूस नाही तो, हे लिहिताना माझा हात जड होतो, पण नाही. डोळे सुजलेले होते. आता त्याच्या नावावर येणाऱ्या पट्टीचं मी विचारलं.

"ताई, आईचं आईबरूबर गेलं."

"त्या नाही म्हणाल्या होत्या. तुम्ही तिथे होतात."

"व्हतो की. तुमच्याकडं कागूद हाय का तिचा?"

नव्हता. माझ्याकडे तिखटाचे डाग पडलेला, सही नसलेला मसुदा होता. वाडीतली माणसं छातीवर हात ठेवून सांगायला तयार होती, की काकीने फेडलं आहे. कुठल्या कचेरीत सांगायचं हे? कोणत्या टेबलावर पेजेची नोंद होते? मला काकीचा इतका राग आला, की मी खोली सोडली. दोन ओळी, काकी. दोन ओळींखाली एक सही करायची होती.

पुढे कंपनीने आम्हा विरोध करणाऱ्यांना 'संवादासाठी' बोलावलं. पुढ्यात समोसे, ढोकळा, सँडविच. आमच्यातले काही खात खात भांडत होते. मी फक्त चहा घेतला. शेजारच्याने विचारलं, उपास आहे का? मी म्हटलं, चहाला मीठ नसतं. त्याला कळलं नाही.

रिसॉर्ट उघडलं तेव्हा मी बघायला गेले. न बघता नाही म्हणणं हा नुसता हेका, हे तिचंच. कमानीशी मोठा फलक होता आणि फलकावर काकी. नवं लुगडं, दोऱ्याने बांधलेला चष्मा, हातातला चमचा मॅनेजरच्या तोंडापुढे. खाली लिहिलं होतं, 'आपुलकीची चव'. मूळ फोटोत मागे शिपाई, ड्रायव्हर आणि चहावाली बाई जेवत होती. ती सगळी कापून टाकली होती. जन्मभर जी पुढच्या दाराने गेली नाही, ती तिथे पुढच्या दारात उभी होती, येणाऱ्या प्रत्येक गाडीला भरवत.

मी आत शिरून कुंपणाच्या कडेकडेने चालायला लागले. दगडी भिंत संपली, तिथून उंच निळे पत्रे सुरू झाले. शेळ्यांची वाट तिथेच कुठेतरी होती. गणवेशातला पहारेकरी मागून धावत आला. कोवळा, परमुलखातला, दमलेला. टाचा चेपून घातलेले बूट.

मी त्याला विचारलं, "मागचं दार कुठंय?" त्याला मराठी कळेना. मग हिंदीत विचारलं.

"पीछे कुछ नहीं है, मैडम," तो म्हणाला.

त्याच्या पाठीमागे, पत्र्यापलीकडे, शेळ्या ओरडत होत्या.